पंधरा इंची

ऑक्टोबर सरत आलाय. कॅमसॅकच्या उत्तरेला आठ मैल
शेडच्या पत्र्यावर बर्फ नाही अजून,
वास मात्र आलाय.
ओरेस्टकाकांनी नवा ट्रक जॅकवर चढवला.
नवा म्हणजे आम्हाला नवा :
दोन हजार अकराचा, लिलावातला,
दारावर कुठल्याशा तेलकंपनीचं नाव
खरवडून काढल्याची भुरकट खूण.

भिंतीला टेकून चार चाकं. पंधरा इंची.
दिदोंच्या चौऱ्याण्णवच्या ट्रकची.
हिवाळी टायर, निम्मे खिळे शाबूत.
आजोबा गेले, ट्रक भंगारात गेला,
चाकं तेवढी राहिली.
नव्या टायरचे पैसे, काका म्हणतात,
गव्हासारखे पेरून येत नाहीत.

इकडे सहा बोल्ट, तिकडे सहा भोकं.
अंतरही तेच. काकांनी पट्टी लावली,
मग चष्मा पुसून पुन्हा लावली.
"एकाच घराण्यातली आहेत," म्हणाले,
स्थळ बघून आल्यासारखे.

मागची दोन बसली.
डार्लीनकाकूने बालवाडीतली माती आणलेली, हिरवी,
तिची गोळी कॅलिपरच्या पाठीवर चिकटवून
चाक हाताने फिरवलं, उतरवलं :
गोळी चपटी झालेली, नाण्याएवढी जाड.
"चालेल," काका.
काकू काहीच बोलली नाही.

पुढचं चाक मात्र
बोटभर आत गेलं आणि थांबलं.
काकांनी गुडघा लावला. शिवी दिली. पुन्हा गुडघा.
मी टॉर्च जवळ नेला.
ट्रक जड झाले, मागे ओढायची ओझी जड झाली,
लोक वेगात जातात आणि उशिरा थांबायचं ठरवतात,
त्यासाठी तबकडी रुंदावली,
तिला कवेत धरणारा कॅलिपर खांद्यांत भरला,
आणि आता जुन्या चाकाच्या पोटात
तो मावत नाही.

बापाची वहाण पोराच्या पायाला आली
की त्याला बरोबरीचा मानावं, म्हणतात.
वहाण तोकडी पडली तर काय मानायचं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

"तीन मिलिमीटर," काका म्हणाले,
"फक्त तीन." आणि ग्राइंडरची वायर सोडवू लागले.
कॅलिपर नको, तो ब्रेक आहे, एवढं त्यांनाही कळत होतं;
चाकच आतून थोडं घासू.
डोळ्यांवर काच चढवली.
"उजेड इकडे धर गं, लेसिया. आत. अजून आत."

आत, रुपेरी रंगाच्या दोन थरांखाली,
ओरखडे होते.
सरळ, शेजारी शेजारी, कानशीचे.
सगळीकडे सारख्या खोलीचे, घाई न केलेले.
दुसऱ्या चाकात तेच. तिसऱ्यातही.
म्हणजे चौऱ्याण्णवच्या ट्रकचीही नव्हती ही चाकं.
त्याच्याही आधीच्या कशाची तरी होती,
आणि दिदोंनी एका हिवाळ्यात, याच शेडमध्ये,
नव्या ट्रकला बसवायला ती घासली होती,
वर रंग मारला होता,
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

काकांनी अंगठा त्या रेघांवरून फिरवला.
बराच वेळ फिरवत राहिले.
"म्हाताऱ्याने आपल्या वाट्याचंही घासून ठेवलंय,"
म्हणाले, आणि हसले, पण अर्धेच.
काकूने जाऊन ग्राइंडरचा प्लग काढला.

चारही चाकं परत भिंतीला टेकली.
सोमवारी काका यॉर्कटनला गेले,
सतरा इंची टायर उधारीवर घेतले,
दुकानदाराशी हवेचा दाब किती असावा यावर भांडले,
आणि परत येताना मला पुढे बसवलं.

पुलाच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला
तेव्हा गाडीभर जळका, गोड वास पसरला,
खडू वितळावेत तसा.
"हे काय?" काका.
मी खिडकी खाली केली.
हिरवी गोळी काढायची राहिली होती.